आजारी बालकांसाठी मोटारसायकल फेरी: निधी आणि त्याचा विनियोग

गंभीर आजारी बालकांच्या साहाय्यार्थ मोटारसायकल फेरी काढण्याची प्रथा अमेरिकेत चार दशकांपासून रूढ आहे. १९८४ साली अटलांटा येथे माइक व डायान ट्रेनर या दांपत्याने मेंदूत गाठ झालेल्या मुलांसाठी ‘राइड फॉर किड्स’ ही फेरी सुरू केली. स्वार आधी आपल्या परिचितांकडून देणग्या गोळा करतो व मग फेरीत सामील होतो. निधी गाडी चालविल्याने जमत नाही, मागितल्याने जमतो. फेरी हे मागण्याचे निमित्त होय. मुंबईत २००४ पासून होणाऱ्या मॅरेथॉनमध्येही अनेक धावपटू याच रीतीने संस्थांसाठी निधी मिळवितात.

वर्धेकरांना ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. नोव्हेंबर १९३३ मध्ये महात्मा गांधींनी हरिजन यात्रेस प्रारंभ केला तो वर्ध्याहूनच. सुमारे नऊ महिन्यांत साडेबारा हजार मैलांचा प्रवास झाला व आठ लाखांच्या आसपास रुपये जमले. बापू स्वाक्षरीसाठीही पाच रुपये घेत! (ज्या जमनालालजी बजाज यांच्या आग्रहामुळे बापू वर्ध्यास आले, त्यांच्याच घराण्याच्या कारखान्यांतून पुढे मोटारसायकली बाहेर पडल्या, हा एक योगायोग.)

आता हिशेबाकडे वळू. समजा, साठ स्वारांनी प्रत्येकी दहा परिचितांकडून शंभर रुपये आणले, तर साठ हजार रुपये जमतील. टी-शर्ट, पेट्रोल, भोजन व फलक यांवर प्रत्येक स्वारामागे सहाशे रुपये खर्च झाल्यास छत्तीस हजार तेथेच संपतील आणि बालकांच्या वाट्यास चोवीस हजार येतील. म्हणून फेरीचा खर्च स्वारांनी स्वतः अथवा प्रायोजकांनी सोसावा आणि देणगीची रक्कम स्वतंत्र खात्यात जमा व्हावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

या रकमेचे करावयाचे काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रिया व रुग्णालयातील उपचारांचा मोठा भार पात्र कुटुंबांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उचलते. मात्र पालकांची बुडालेली मजुरी व महिनोन्महिने परगावी राहण्याचा खर्च कोणत्याही देयकात दिसत नाही. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. पहिल्या महिन्याच्या औषधोपचारानंतर बहुतेक मुलांची प्रकृती सुधारते, मूल खेळू लागते. इकडे सोयाबीनची सोंगणी अथवा कापसाची वेचणी खोळंबलेली असते. कुटुंब गावी परतते आणि उपचार मध्येच सुटतात. आजार मात्र उलटतो, आणि उलटलेला आजार बरा करणे फार कठीण असते. औषध उपलब्ध असूनही केवळ वास्तव्याची सोय नाही म्हणून बालक दगावावे, यासारखी खेदाची गोष्ट नाही. मुंबईत २००६ साली सुरू झालेल्या ‘सेंट ज्यूड’ केंद्रांनी कर्करोगग्रस्त मुलांना पालकांसह विनामूल्य निवास देऊन नेमकी हीच उणीव हेरली.

विदर्भातील सिकलसेलग्रस्त मुलांची गरज निराळी आहे. त्यांना आयुष्यभर औषध, नियमित तपासणी व प्रसंगी रक्त लागते. त्यांच्यासाठी एकरकमी मदतीपेक्षा दरमहा मिळणारे प्रवासभाडे अधिक उपयोगी पडते. फेरी एका रविवारी संपते. तिचा निधी मात्र वर्षभर थोडाथोडा पुरेल असा राखावा लागतो.

फेरी काढू इच्छिणाऱ्या मंडळांनी आणखी काही पथ्ये पाळावीत. फलकांवर आजारी बालकाचे छायाचित्र व नाव छापू नये. ते मूल उद्या शाळेत जाणार असते. हेल्मेटविना कोणालाही फेरीत घेऊ नये, कारण जखमी स्वाराची खाट अखेर रुग्णालयातच मांडावी लागते. देणग्या शक्यतो धनादेशाने अथवा बँकेमार्फत स्वीकाराव्यात. २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून दोन हजार रुपयांवरील रोख देणगीस आयकरात सवलत मिळत नाही. पावती स्वाराच्या नावे न फाडता प्रत्यक्ष देणगीदाराच्या नावेच फाडावी व त्यासाठी नावांची यादी फेरीपूर्वीच रुग्णालयाच्या लेखा विभागाकडे द्यावी.