आपलं काम, आपलं प्रदर्शन

मुलांनो, शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन भरतं ना? कुणाचा मातीचा बैल, कुणाचं काड्यापेट्यांचं घर. प्रत्येक वस्तूपुढे एक चिठ्ठी : नाव आणि इयत्ता. असं प्रदर्शन बारा महिने उघडं राहिलं आणि जगात कुठूनही बघता आलं तर? वेबसाइट तयार करणारी मंडळी आपल्या कामाचं असंच प्रदर्शन मांडतात. त्याला म्हणतात पोर्टफोलिओ साइट. काम देणारे लोक पुष्कळदा आधी ती पाहतात.

माझा एक जुना विद्यार्थी आता कॉलेजात आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, "बाई, माझी साइट बघा!" साइटवर पाच कामं होती. मी विचारलं, "सगळी तूच केलीस?" स्वारी जरा घुटमळली. "चार व्हिडिओत बघून जशीच्या तशी उतरवलीत, बाई."

पाचवं काम अगदी तळाशी होतं. गावच्या थांब्यावर येणाऱ्या एसटीच्या वेळा, मोठ्या ठळक अक्षरांत. आजोबांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यानं ते केलं होतं.

"हे इतकं खाली का रे?"

"फारच साधं आहे ते."

"पण तुझं आहे! हे कसं चालतं, असं कुणी विचारलं, तर तुला कशाबद्दल सांगता येईल?"

तो हसला. दुसऱ्या दिवशी ती चार कामं निघाली आणि एसटी वर आली.

साधेपणाची लाज कशाला? जगातली पहिली वेबसाइट टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत केली. १९९१ साली ती जगापुढे आली. तिच्यात होता नुसता मजकूर आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे. बस्स!

तुम्हालाही सुरुवात करता येईल, तीही इंटरनेटशिवाय. संगणकावर नोटपॅड उघडा. एचटीएमएल या भाषेत खुणा करून मथळा कोणता, परिच्छेद कोणता ते सांगायचं. फाइलला 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' असं नाव इंग्रजीत द्यायचं आणि ती ब्राउझरमध्ये उघडायची. झालं पान तयार! रंगरूप देण्यासाठी सीएसएस आणि पान हलतं-बोलतं करण्यासाठी जावास्क्रिप्ट. ती पुढची इयत्ता, बरं का!

दोन चुका हमखास होतात. अक्षरांची पद्धत 'यूटीएफ-८' आहे हे पानात लिहिलं नाही, तर मराठी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसू शकतात. आणि चित्राचा पत्ता आपल्याच संगणकातल्या फोल्डरचा दिला, तर आपल्याला चित्र दिसतं, दुसऱ्याला नाही. म्हणून चित्र साइटच्याच फोल्डरमध्ये ठेवावं आणि पान दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघावं.

पान जगाला दाखवायचं, तर ते कायम चालू असणाऱ्या संगणकावर ठेवावं लागतं. 'गिटहब पेजेस'सारख्या ठिकाणी ही जागा फुकट मिळते, पण तिथे खातं उघडायला वय किमान तेरा वर्षं लागतं. स्वतःच्या नावाचा खास पत्ता हवा असेल, तर त्याचे दरवर्षी पैसे भरावे लागतात.

साइट मांडली म्हणजे संपलं का? छे! उन्हाळ्यात एसटीच्या वेळा बदलल्या. आमचे महाशय परीक्षेच्या गडबडीत साइट बदलायला विसरले. आजोबा जुनी वेळ पाहून थांब्यावर गेले आणि उन्हात तासभर ताटकळले! तेव्हापासून तो दर महिन्याला वेळा तपासतो आणि पानावर तारीख टाकतो. आजोबांनी रागावून काही म्हटलं नाही, पण तेच त्याला जास्त लागलं.

आणखी एक. जागा दुसऱ्याची असते. 'जिओसिटीज'वर लाखो लोकांनी आपली पानं मांडली होती. २००९ साली जपान सोडून इतरत्र ती सेवा बंद झाली. म्हणून साइटची एक प्रत घरी हवीच.

पालकांनो, पहिलं पान करताना मुलांजवळ बसा. घरचा पत्ता, फोन नंबर, शाळेचं नाव साइटवर जाऊ देऊ नका. इतरांचे फोटोही विचारल्याशिवाय नकोत.

आणि मुलांनो, तुमच्या घरात अशी कोणती अडचण आहे, जी एका साध्या पानानं सुटेल? तिथूनच सुरुवात करा. चिठ्ठीवर नाव मात्र तुमचं असू दे, आणि कामही!