पुन्हा डोंगर चढणारी गाडी

महासाथीने प्रवास थांबवला, असे आपण सरसकट म्हणतो. माथेरानपुरते ते अर्धेच खरे आहे. नेरळहून वर जाणारी गाडी २०१९च्या पावसाळ्यात रुळांखालची माती वाहून गेल्यामुळे आधीच थांबली होती. टाळेबंदी त्यावर येऊन पडली. गावाला कारखाना नाही, मोटारी दस्तुरी नाक्यालाच अडतात. घोडेवाला, हातरिक्षावाला, हमाल, खाणावळ चालवणारी बाई, सगळ्यांचे पोट पाहुण्यावर. पाहुणे येईनात, म्हणून घोड्याचा चारा काही बंद करता येत नव्हता.

नोव्हेंबर २०२०मध्ये अमन लॉज ते माथेरान ही छोटी फेरी सुरू झाली. नेरळहून पूर्ण गाडी मात्र २२ ऑक्टोबर २०२२ रोजी निघाली, लक्ष्मीपूजनाच्या दोन दिवस आधी.

एकवीस किलोमीटरना दोन तासांहून अधिक वेळ! कारण मार्गाच्या रचनेत आहे. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०७मध्ये पुरा केलेला हा दोन फुटी रूळ डोंगर पोखरत नाही, त्याला वळसे घालत चढतो, बोगदा एकच. त्यामुळे तीच दरी कधी डावीकडे दिसते, कधी उजवीकडे, दर वेळी थोडी अधिक खोल. घाई असेल त्याने खुशाल टॅक्सी करावी. पण दोन वर्षे एकाच खिडकीतून समोरची भिंत पाहिलेल्या माणसाला ही सरकती खिडकी काय वाटते, ते जुम्मापट्टी येईपर्यंत डब्यातल्या चेहऱ्यांवर वाचता येते.