‘वेलिंग्टन’ विमानाचें नांव व दख्खन

दुसऱ्या महायुद्धांतील ‘वेलिंग्टन’ या दुइंजिनी बाँबफेकी विमानाचें नांव मराठ्यांच्या इतिहासाशीं निगडित आहे. इ. स. १८०३ च्या एप्रिलांत पुण्यास आलेला व २३ सप्टेंबरास असई येथें शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली हाच पुढें १८१४ त ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. व्हिकर्स कारखान्यानें प्रथम ‘वेलस्ली’ हें एकइंजिनी विमान बांधिलें. १५ जून १९३६ रोजीं प्रथम उडालेल्या दुइंजिनी विमानास आधीं ‘क्रेसी’ हें नांव योजिलें होतें, तें बदलून ‘वेलिंग्टन’ ठेविलें. दोन्ही नांवें एकाच पुरुषाचीं.

बार्न्स वॉलिस याची रचना बुरुडाच्या विणीसारखी होती: तिरप्या धातुपट्ट्यांची जाळी व वर कापड. कांहीं पट्ट्या तुटल्या तरी भार इतरांवर जाई. म्हणून चाळण झालेलीं विमानेंही परत येत. अशीं ११,४०० हून अधिक विमानें झालीं. युद्धकाळीं पुण्याजवळ लोहगांवींही तीं होतीं.

सांगलीच्या महाविद्यालयाचें ‘विलिंग्डन’ हें नांव मात्र मुंबईच्या गव्हर्नराचें, सर्वस्वी निराळें. यास्तव त्या काळच्या कागदांत ‘वेलिंग्टन’ आढळल्यास अक्षरवाचन आधीं निश्चित करावें. मग व्यक्ति कीं विमान, हें सन व संदर्भ पाहून ठरवावें.