विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’ असताना ॲप डिलीट का करू नये?

शहापूर-मुरबाड रस्त्यावरचे सापगाव असो की आतला एखादा पाडा, भाताच्या बांधावर उभे राहून मोबाइलवर पीक नोंदवणे आता सवयीचे झाले आहे. ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू झाली १५ ऑगस्ट २०२१ रोजी. सातबाऱ्यावरची ही नोंद नुकसानभरपाईला आणि भात खरेदी केंद्रावर कामी येते. पण कोणत्याही सरकारी ॲपवर मुदतीच्या तोंडावर गर्दी उसळली, की स्क्रीनवरचे चक्र फिरतच राहते. मग अनेकजण वैतागून ॲपच काढून टाकतात. दोष खरेच ॲपचा असतो का?

ॲप कशासाठी बनते?

ॲप बनवणाऱ्यासमोर एक फोन आणि एक माणूस असतो. छोटी स्क्रीन, संपत आलेली बॅटरी, डोंगराआड गेलेली रेंज, जुना हँडसेट यांचा विचार त्याला करावा लागतो. अँड्रॉइडचे ॲप मुख्यतः कोटलिन किंवा जावा या भाषांत लिहितात, तर आयफोनचे स्विफ्टमध्ये.

सर्व्हरवर काय चालते?

ॲपमधून निघालेली माहिती दूरच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर पोहोचते. तिथे लिनक्स किंवा विंडोज सर्व्हरसारखी ऑपरेटिंग सिस्टिम कारभार पाहते. एकाच वेळी आलेल्या हजारो मागण्यांना मेमरी आणि प्रोसेसर वाटून देणे, कोणाला कोणती फाइल उघडता येईल ते ठरवणे आणि हे सगळे महिनोन् महिने बंद न पडता करणे, हे तिचे काम.

तहसील कचेरीत आपल्या हातातला अर्ज म्हणजे ॲप. आत रांग लावणारी, टेबले वाटणारी आणि कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारी व्यवस्था म्हणजे सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम. आत खोळंबा झाला असेल तर हातातला अर्ज फाडून उपयोग काय?

दोघांचे नाते काय?

फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. आज असंख्य सर्व्हर त्यावर चालतात आणि अँड्रॉइड फोनही त्याच गाभ्यावर उभा आहे.

मग काय करावे?

• दुसरे संकेतस्थळ उघडून पाहा. ते उघडले, तर तुमचे इंटरनेट ठीक आहे. अडचण बहुधा पलीकडे आहे.
• न पाठवलेली माहिती फोनमध्ये असेल, तर ॲप काढू नका, ‘क्लिअर डेटा’ही करू नका. फोटोसह नोंद पुसली जाऊ शकते.
• पहाटे किंवा रात्री उशिरा, गर्दी कमी असताना पुन्हा प्रयत्न करा.
• अपलोड झाल्यावर नोंद दिसते का, हे तपासूनच निर्धास्त व्हा.