अलिबागची चुंबकसुई

लोहचुंबक टाचण्या ओढतो, हे शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. पण वीज वाहू लागली की तांब्याची साधी तारही होकायंत्राची सुई फिरविते, हे १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडने दाखविले. विद्युत्‌प्रवाहाभोवती चुंबकत्व उत्पन्न होते, हाच तो नियम.

या नियमाने मुंबईच्या वेधशाळेस स्थलांतर करावयास लावले. कुलाब्यास १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चाले. हे चुंबकत्व फार क्षीण. त्यातील सूक्ष्म चढउतार टिपावयाचे म्हणजे सुईला शांतता हवी. अशात शहरात विजेची ट्राम यावयाची झाली. ट्रामचा प्रवाह रुळांवाटे परततो, काही जमिनीतही पाझरतो. गाडी सुटली, थांबली की तो कमीअधिक होतो आणि सुई हलते. मग सुईने सांगितलेले वर्तमान पृथ्वीचे की ट्रामचे?

संचालक नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत, १९०४ साली, अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. तिच्या बांधणीत लोखंड कटाक्षाने टाळले. पण जागा बदलताच साठ वर्षांची नोंदमाला तुटली असती. म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी करून फरक काढला आणि माला अखंड राखली. १९०७ साली ट्राम धावली.

गडचांदूरच्या विद्यार्थ्यांनी पडताळा घ्यावा. होकायंत्रावर तार उत्तर-दक्षिण धरून तिची टोके बॅटरीच्या सेलला क्षणभर लावावीत. सुई वळेल, टोके उलटविल्यास उलट वळेल. घरातील वीज मात्र या प्रयोगास कदापि वापरू नये.