बेचाळिसाव्या दिवसानंतर

मानोरा तालुक्यातल्या त्या उपकेंद्राच्या भिंतीवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी अक्षरं आहेत. गाव मात्र त्याला दवाखानाच म्हणतं. लसीकरणाच्या दिवशी दहाच्या आत ओटा भरतो, कारण सोयाबीनची सोंगणी चालू आहे आणि आलेल्या प्रत्येक बाईने अर्ध्या दिवसाची तरी मजुरी सोडलेली आहे. आशाताई नावं पुकारते, नर्सबाई आतल्या टेबलाशी बसते. वाशिम जिल्ह्यात बाईच्या आरोग्याचं काम कसं चालतं हे बघायचं तर या टेबलाजवळ बसावं आणि नंतर आशाताईच्या मागोमाग गावात फिरावं. मी ते केलं.

सुरुवात बोटापासून, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन मोजण्यापासून होते. अनामिका स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची, वाळू द्यायची, मग सुई टोचायची. पहिला थेंब कापसाने टिपून टाकायचा, दुसरा यंत्राच्या पट्टीवर घ्यायचा. थेंब येत नाही म्हणून बोट पिळलं, तर रक्तात अंगातलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा येतो. म्हणून नर्सबाई बोट पिळत नाही. हात खाली सोडायला सांगते आणि थांबते. बाहेर एवढी गर्दी असताना ती थांबते, हे मला फार मोलाचं वाटलं. पूर्वी साहलीच्या नळीत आम्ल घालून, दहा मिनिटं थांबून, थेंबाथेंबाने पाणी टाकत रंग काचेशी जुळवायचा. बघणाऱ्याच्या डोळ्यावर आकडा ठरायचा. आता यंत्र काही सेकंदांत सांगतं.

समोरच्या पाच महिन्यांच्या गरोदर बाईचा आकडा आला ८.४. गरोदरपणी ११ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, सातच्या खाली गेलं की धोका, आणि मग उपकेंद्रात न ठेवता पुढे पाठवायचं.

"गोळ्या खातेस का?"

"खातो ना बाई."

"संडास काळी होते का?"

बाई गप्प. लोहाची गोळी पोटात गेली की शौचाचा रंग काळपट होतो, एवढ्या एका प्रश्नात खरं काय ते कळतं. मग हळूहळू बोलती झाली. गोळी घेतली की मळमळतं. त्यात सासू म्हणते, "लेकरू मोठं होईन, बाळंतपण जड जाईन." नर्सबाई रागावली नाही. लाल गोळी रात्री जेवल्यावर घे, वर लिंबाचं पाणी पी, चहा तिच्या आसपासही नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही. रक्त मध्यम कमी, म्हणजे सात ते दहाच्या मधे, असल्यामुळे आता दिवसाला दोन गोळ्या आणि महिन्याने परत बोट टोचायचं. हे सगळं तिने सासूला आत बोलावून सासूपुढेच पुन्हा सांगितलं. सुनेला सांगून उपयोग नसतो, घरातला शब्द सासूचा असतो, हे नर्सबाईला पक्कं ठाऊक आहे.

या आकड्याची मुळं गरोदरपणात नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे पोरगी लग्न होऊन येते तेव्हाच अर्धी रिती असते. जिथे तुरीचं वरण, हरभऱ्याची भाजी, अंबाडी, चिवळ, घोळ घरोघर शिजते, त्या मुलखात हे घडतं. भाजी शिजते, पण शिजवणारी शेवटी जेवते. जेवणाला लागूनच चहा पिते. त्यात पाळीला जास्त जात असेल तर दर महिन्याला रक्त वाहून जातं आणि त्याची दखल कोणी घेत नाही.

बोटानंतर रक्तदाब, मग लघवीत प्रथिनं जातात का ते. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, चेहऱ्यावर सूज आहे का. १४०/९० च्या वर दाब गेला की नर्सबाईचा आवाज बदलतो. मग पोट. तिने तळहाताची कड गर्भाशयाच्या वरच्या टोकाशी अलगद टेकवली आणि टोक बेंबीच्या जरा खाली लागलं, म्हणजे वीस आठवडे. पाळीची तारीख चुकली असली तरी पोट खोटं बोलत नाही, असं ती म्हणाली. मग यंत्रावर बाळाचे ठोके ऐकवले. एका मिनिटाला १२० ते १६० असले की ठीक. ती बाई पहिल्यांदा हसली ती तेव्हा. दर महिन्याच्या नऊ तारखेला, २०१६ पासून, सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. हिचं नाव त्या यादीत गेलं.

या कामातली खरी कसोटी मात्र टेबलापासून लांब असते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात बाई कारंज्याकडे नाहीतर पुसदकडे निघून जाते आणि नोंदवहीतलं नाव इथेच राहतं. मग इथली आशाताई तिथल्या आशाताईला फोन करते: आमची एक बाई तुमच्याकडे आलीय, रक्त कमी आहे, लक्ष ठेव. या फोनचा उल्लेख कुठल्या अहवालात नसतो. तांड्यावर आणखी वेगळं. दिवाळीनंतर अनेक बंजारा कुटुंबं मजुरीला बाहेर पडतात, काही ऊसतोडीला जातात. गरोदर बाई जाणार असेल तर आशाताई कार्डाला पिशवी घालून देते, गोळ्यांच्या पट्ट्या मोजून देते आणि तिच्या नवऱ्याचा फोन नंबर लिहून घेते.

बाळंतपणापर्यंतची ही वाट आता बऱ्यापैकी बांधून झाली आहे, हे मान्यच करायला हवं. महाराष्ट्रात ९४ टक्क्यांहून जास्त बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ वर आले होते. यात रुग्णवाहिकेचा, मोफत बाळंतपणाच्या योजनांचा वाटा आहे आणि सगळ्यात मोठा वाटा या पायी फिरणाऱ्या बायांचा आहे. बाळंतीण घरी आली की आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते. बाळाचं वजन करते, नाळ बघते, आईला ताप आहे का, अंगावरून जाणाऱ्याला वास येतो का, विचारते.

बेचाळिसाव्या दिवसानंतर पान उलटतं. पुढेही आशाताई येते, तिसऱ्या महिन्यात, सहाव्यात, नवव्यात. पण ती बाळासाठी. आईच्या नावापुढे पुन्हा काही लिहिलं जातं ते पुढचं गरोदरपण आल्यावर किंवा कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया झाल्यावर. ती शस्त्रक्रियाही बाईनेच करायची. राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायांची ती झालेली आहे, तर पुरुष नसबंदी अर्धा टक्काही भरत नाही. पंचविशी-तिशीत शस्त्रक्रिया झाली की आरोग्य व्यवस्थेच्या लेखी त्या बाईचं काम संपतं. तिच्या आयुष्याची मात्र चाळीस वर्षं उरलेली असतात.

त्या चाळीस वर्षांत काय काय असतं हे आपल्याच विदर्भाने जगाला पहिल्यांदा दाखवलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास छापला. ९२ टक्के बायांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. गावातल्या सगळ्या बायांना तपासून बघण्याचं हे काम तोवर कोणी केलेलं नव्हतं, कारण तोवर बाई म्हणजे गरोदर बाई एवढंच धरून सगळे चालले होते. छत्तीसहून जास्त वर्षं झाली. नर्सबाईच्या टेबलाशी बसलं की जाणवतं, ते धरून चालणं अजून पुरतं सुटलेलं नाही.

दुपारी आशाताईबरोबर गावात गेलो. तिच्याकडे एक छापील फॉर्म असतो, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकासाठी. तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, घरात रक्तदाब-साखर कोणाला, यांचे गुण मांडायचे. चारच्या वर बेरीज गेली की त्या माणसाला तपासणीला आधी पाठवायचं. बायांसाठी त्यात काही वेगळे प्रश्न आहेत: स्तनात गाठ, बोंडातून रक्त, दोन पाळ्यांच्या मधे रक्तस्राव, संबंधानंतर रक्तस्राव, पाळी गेल्यावर रक्तस्राव, वास येणारं पाणी. हे प्रश्न अंगणात विचारता येत नाहीत. ओट्यावर मुलगा मोबाईल बघत बसलेला, सासरा खाटेवर. आशाताईने पाणी मागितलं आणि पाण्याच्या निमित्ताने सरळ चुलीपाशी जाऊन बसली. दार अर्धं लोटलं. बाईची हरकत नाही ना, हे विचारून घेतल्यावर मीही उंबऱ्याशी टेकलो.

बाई पन्नाशीच्या आसपासची. पाळी कधी गेली? "झाले असतीन दोन वर्षं." प्रश्न एकेक करून संपले, सगळ्यांना उत्तर 'नाही'. आशाताईने पेन खाली ठेवलं आणि फॉर्मात नसलेला प्रश्न विचारला, "झोप लागते का काकू?"

तेव्हा ती बोलली. अंगातून वाफा निघतात. पहाटे गार वारं असतं तरी लुगडं भिजतं. उगाच रडू येतं, सुनेवर हात उगारावासा वाटतो, मग स्वतःचीच लाज वाटते. शेवटी, अगदी खालच्या आवाजात, "बसलं की अंग बाहेर येते माय. कोनाले सांगू?" सहा वर्षं ती हे सोसत होती. डोक्यावर गवताचा भारा घेऊन.

वाफांबद्दल आणि अंग बाहेर येण्याबद्दल, म्हणजे गर्भाशय खाली उतरण्याबद्दल, त्या फॉर्मात प्रश्न नाहीत. ते आशाताई स्वतःच्या मनाने विचारते. भारतातल्या बायांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते. सलग बारा महिने आली नाही की गेली असं समजायचं. त्यानंतर हाडं झपाट्याने ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, लघवीची जळजळ वारंवार होते. यातल्या बहुतेक गोष्टींवर उपाय आहेत. अंग बाहेर येण्यावरसुद्धा सुरुवातीला व्यायाम आहेत, आत बसवायची रिंग आहे, लागलीच तर शस्त्रक्रिया आहे. पण उपाय आहे हे सांगायला कोणी तरी चुलीपाशी जाऊन बसावं लागतं.

आणि कोणी बसलं नाही की काय होतं, तेही या राज्याने पाहिलं आहे. पांढरं जातं, पोटात दुखतं, जास्त जातं, म्हणून बाई शहरातल्या खासगी दवाखान्यात जाते आणि 'पिशवी काढून टाका' हा सल्ला घेऊन येते. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीने पाहणी केली तेव्हा सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यातल्या कितीतरी ऐन तरुण वयातल्या होत्या. तिशीत बीजकोशांसकट पिशवी गेली की पन्नाशीतली ठिसूळ हाडं तिशीतच येतात. केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. आशाताईचं म्हणणं साधं आहे: पिशवी काढायला सांगितली तर आधी मले सांगा, मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरले दाखवून आणतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी तर अवघ्या काही मिनिटांची. पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरसारखाच पदार्थ, कापसाने मुखावर लावायचा आणि मिनिटभर थांबून बघायचं. सदोष पेशी असतील तर तिथे पांढरा डाग उठतो. टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत हेच काम वस्तीतल्या बायांना शिकवून करून घेतलं आणि या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. त्याआधी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायांवर बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साथीने झालेल्या अभ्यासाने, २००९ मध्ये, एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या चाचणीनेही मृत्यू निम्म्यावर येतात हे दाखवलं. दोन्ही कामं महाराष्ट्रातली. तरीही कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीत, देशात तिशी ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायांपैकी दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नव्हती. त्या दिवशी उपकेंद्रात आलेल्या चाळिशीच्या बाया नातवाला डोस द्यायला आल्या होत्या. त्यांचं बोट कोणी टोचलं नाही, त्यांना आत कोणी बोलावलं नाही. त्या दारापर्यंत आलेल्याच होत्या.

वाशिम १९९८ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला, २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला, २०२४ मध्ये इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. महाविद्यालयात स्त्रीरोगतज्ज्ञ येतील, यायलाच हवेत. पण त्यांच्यापर्यंत चुलीपाशी बसलेली ती बाई पोहोचवण्याचं काम आशाताईच करणार आहे. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांना सन्मान दिला. राज्यातल्या आशांना मोबदला वाढवून घ्यायला मात्र त्यानंतरही संप करावा लागला. माझं म्हणणं एवढंच आहे, की पाळी गेलेल्या बाईकडे जाण्यासाठी आशाताईच्या वहीत जागा हवी आणि त्या भेटीचे पैसे तिला बेचाळिसाव्या दिवसाच्या भेटीसारखेच मिळायला हवेत. अंग बाहेर येतं का, झोप लागते का, लघवी धरता येते का, हे तीन प्रश्न त्या छापील फॉर्मात आले तर आणखी बरं.

तोवर वाचणाऱ्यांना एक विनंती. घरात आई, सासू, काकू, मावशी, कामाला येणारी मावशी यांना तुम्ही स्वतः विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी पुन्हा दिसला, तर वय म्हणून सोडून देऊ नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या.