आसन मित्राचे, यान कोणाचे?

पुणे - भारताच्या वतीने आजवर दोघांनीच पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि हे दोघेही खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे माजी छात्र. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोव्हिएत संघाच्या 'सोयुझ टी-११' यानातून झेपावले; शुभांशू शुक्ला २५ जून २०२५ रोजी अमेरिकी 'ड्रॅगन' यानातून. यान मात्र दोन्ही वेळा परक्याचेच होते.

शर्मा यांचे उड्डाण 'इंटरकॉसमॉस' कार्यक्रमातील होते. मित्रदेशांच्या वैमानिकांना अवकाशात नेऊन मॉस्को शीतयुद्धातील आपले वजन वाढवीत असे. शुक्ला ज्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर राहिले, तेथे मात्र हेच जुने प्रतिस्पर्धी नोव्हेंबर २००० पासून एकत्र नांदत आहेत. युक्रेन युद्धानंतरही ही भागीदारी तुटली नाही, कारण स्थानकाची रचनाच परस्परावलंबी आहे. त्याची कक्षा राखण्यात रशियन इंजिनांचा मोठा वाटा असतो, तर विजेचा मोठा भाग अमेरिकी सौरपंखांतून मिळतो. चीनला या सहकार्यात स्थान मिळाले नाही. अमेरिकेने २०११ मध्ये कायद्यानेच 'नासा'च्या चीनशी थेट सहकार्यावर निर्बंध घातले. चीनने २०२२ मध्ये स्वतःचे 'तिआनगाँग' स्थानक पूर्ण केले.

असाच नकार भारतानेही अनुभवला आहे. क्रायोजेनिक इंजिनासाठी रशियाशी झालेल्या करारावरून अमेरिकेने १९९२ मध्ये 'इस्रो'वर निर्बंध लादले. पुढच्याच वर्षी रशियाने तयार इंजिने देण्याचे मान्य केले. तंत्रज्ञान देण्यास मात्र नकार दिला. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाचे यशस्वी उड्डाण होण्यास जानेवारी २०१४ उजाडावे लागले.

'गगनयान' मोहिमेसाठी निवडलेल्या 'एलव्हीएम-३' प्रक्षेपकाचा वरचा टप्पा आता स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनावर चालतो. 'इस्रो'च्या प्रक्षेपकांतील घन इंधनाच्या मोटारींची कवचे पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यातही घडतात. याचा अर्थ सहकार्य अनावश्यक ठरले, असा नव्हे. 'गगनयान'च्या चारही वैमानिकांनी २०२०-२१ मध्ये रशियातच प्रशिक्षण घेतले आणि जून २०२३ मध्ये भारताने अमेरिकापुरस्कृत 'आर्टेमिस' करारावर स्वाक्षरीही केली.

मैत्रीतून यानातील आसन मिळू शकते. यान बांधण्याची विद्या मिळेलच, असे नाही. ती ज्याच्यापाशी असते, त्याच्याशीच इतर देश बरोबरीच्या नात्याने बोलतात. 'गगनयान'चे खरे महत्त्व यातच आहे.